एकतीस नंबर पुढे गेला

"एकतीस? एकतीस तर मघाशीच गेला," चौक गावच्या तपासणीच्या टेबलामागचा माणूस म्हणाला आणि त्याने हातातल्या तक्त्यावर पेन्सिल आपटली. "ही बघा, खूण केलीय."

बाजीराव एक पाय रस्त्यावर टेकवून, हँडलवर ओणवा होऊन धापा टाकत होता. त्याच्या छातीवर आणि पाठीवर कॅनव्हासचे दोन तुकडे टाचण्यांनी लावलेले होते. त्यांवर काळ्या ऑइलपेंटने ३१ लिहिलेलं होतं.

"एकतीस मीच हाये साहेब."

टेबलामागच्या माणसाने त्याच्या छातीकडे पाहिलं, मग शेजारच्या जोडीदाराकडे.

"मग तो कोण होता रे? तो उंच, किडकिडीत?"

"नंबर एकतीसच होता," जोडीदार म्हणाला. "मी स्वतः बघितला. खोकत होता लय. पाणी घ्या बोललो, तर नुसता हात वर केला नि गेला."

"पनवेललाबी आसंच बोलले," बाजीराव म्हणाला.

"नंबर वाटताना घोळ घातला असेल कोणीतरी. सोडा, टेन्शन नका घेऊ. मी दुसरी खूण करतो. निघा, मागचे यायला लागलेत."

बाजीराव निघाला. डिसेंबरची सकाळ होती, सन एकोणीसशे पंच्याऐंशी. तुर्भे नाक्यावरून सहा वाजता सुटलेले त्रेसष्ट सायकलवाले आता चौकच्या पुढेमागे पांगले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी ही शर्यत दर दोन वर्षांनी भरायची. तुर्भ्याहून पनवेल, चौक, खोपोली आणि मग घाट चढून खंडाळा. गिअरच्या सायकलींना मनाई होती. रोज ज्या काळ्या सायकलीवर डबा अडकवून कामावर जायचं, तीच सायकल घेऊन घाट चढायचा. निम्मे लोक खोपोलीलाच उतरायचे आणि मागून येणाऱ्या टेम्पोत सायकली टाकून परत जायचे.

बाजीरावाने पायांना वेग दिला. उंच, किडकिडीत आणि खोकणारा असा एक माणूस त्याला माहीत होता. पण त्या माणसाचा विचार त्याने गेली दोन वर्षं मोठ्या कष्टाने टाळला होता.

गोटीराम सारसोळे गावचा. बापजाद्यांची भातशेती होती, खाडीत मासे मारायचे. जमीन नव्या शहरात गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळेल असं कुणीतरी बोललं होतं. चार वर्षं खेटे घातल्यावर गोटीरामाला तुर्भ्याच्या रंगाच्या कंपनीत फिल्टरवर काम मिळालं. त्याच फिल्टरवर बाजीराव आधीपासून होता. हिंगोलीकडच्या एका गावाहून तो चौऱ्याहत्तर साली आला होता. आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग कंपनीत लागला. दोघांच्याही हातांच्या रेषांत निळा रंग बसलेला होता आणि तो कशाने जात नव्हता.

गोटीरामाच्या पहिल्या आठवड्यातही बाजीराव आपला डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे एकटाच बसायचा. गावात लागलेली सवय होती ती. चौथ्या दिवशी गोटीराम तिथे आला, समोर मांडी घालून बसला आणि न विचारता त्याने बाजीरावाच्या डब्यातल्या वाटाण्याच्या उसळीत आपली तांदळाची भाकरी बुडवली.

"तिकट हाय रं," तो म्हणाला आणि आपल्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण पुढे सरकवलं. "घे. सगुनाना केलंय."

एवढंच झालं. त्यानंतर दोघांनी वेगळं जेवण कधी केलं नाही. सारसोळ्याच्या घरी गोटीरामाची बायको सगुणा बाजीरावाला त्याच घरच्या ताटात वाढायची आणि तो नको नको म्हणत असताना वरून मासळीची आणखी एक तुकडी टाकायची.

गोटीरामाची एक खोड होती. सांगितल्याशिवाय तो कुठून हलायचा नाही. फिल्टरवरून लघवीला जायचा तरी "चाललो रं" म्हणायचा. घरातून अंगणात जायचा तरी "चाललो गं." कंपनीत सगळे हसायचे त्याला.

त्र्याऐंशी सालच्या शर्यतीत नाव घालायची कल्पना त्याचीच होती. सपाट रस्त्यावर तो वाऱ्यासारखा जायचा. रंगाच्या धुळीने छाती धरली होती, पण ते तो मोजायचा नाही. खोपोलीपर्यंत तो बाजीरावाच्या पुढे होता. घाट लागला आणि त्याचा दम सुटला. त्या दिवशीही धुकं होतं. शिंग्रोबाच्या देवळाच्या पुढे एका वळणावर बाजीरावाने त्याला मागे टाकलं. पाच-पन्नास हात पुढे गेल्यावर मागून हाक आली.

"बाजी, थांब ना रं जरा."

बाजीरावाने ती ऐकली. अगदी नीट ऐकली. त्याच्या पुढे फक्त सहाजण होते. मागे दुसऱ्या चाकांचा आवाज येत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कशात तरी पुढे होता आणि पाय आपोआप चालत होते. वर थांबू, वर भेटूच, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि मान वळवली नाही.

खंडाळ्याला मंडपात लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं गेलं. "बाजीराव गंगाराम, सातवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने गोटीरामाची वाट पाहिली. दहा वाजले, बारा वाजले. मागचा टेम्पो वर आला, त्यातही तो नव्हता.

पोलिसांनी विचारलं, शेवटचा कुठे बघितला होता? मंडपात पन्नास माणसं कान देऊन उभी होती. बाजीरावाच्या हातात नुकताच बक्षीस मिळालेला स्टीलचा डबा होता.

"खोपोलीला," तो म्हणाला. "त्याच्यानंतर दिसलाच नाई."

तीन दिवस लोकांनी खोपोलीच्या आजूबाजूला शोधलं. ओढे पाहिले, रेल्वेची लाइन पाहिली, दवाखाने पाहिले. ना माणूस सापडला, ना सायकल. सायकलही नाही म्हटल्यावर लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की गडी पळाला. पुढच्या वर्षी सारसोळ्याच्या म्हाताऱ्या कान्हा पाटलाला कुणीतरी सांगितलं की गोटीराम सुरतेला दिसला, सोबत एक बाई होती. पाटलाने ते चार ठिकाणी सांगितलं. सगुणाला नळावर बाया वाट देईनाशा झाल्या. विधवेला निदान लोक गप्प बसून वाट देतात. टाकलेल्या बाईची गोष्ट वेगळी असते.

गेल्या ऑक्टोबरात ती तुर्भ्याला बाजीरावाच्या खोलीवर आली होती. रखमाने, बाजीरावाच्या बायकोने, तिला चहा दिला. तिने कप हातात तसाच धरून ठेवला.

"भाऊ, येक इचारते. त्याना हाक मारली व्हती का वो तुमाला?"

"न्हाई वैनी. खोपोलीनंतर दिसलाच नाई मला."

"तेच ना." तिने चहाकडे पाहिलं. "त्यो हाक मारल्याबिगर कुठं जायाचा नाय. अंगनात जायाचा तरी सांगून जायाचा. पडला असता, मेला असता, तरी आधी हाक मारली असती. हाक मारली नाय, म्हंजे लोक बोलतात तेच खरं. मना टाकूनच गेला त्यो."

ती गेल्यावर बाजीराव बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच आठवड्यात त्याने कामगार कल्याण खात्याच्या जयप्रकाश साहेबांकडे शर्यतीसाठी नाव दिलं. का दिलं ते त्याला रखमालाही सांगता आलं नाही. चिठ्ठ्या टाकून नंबर वाटले गेले आणि त्याच्या हातात एकतीसची चिठ्ठी आली. त्र्याऐंशी साली गोटीरामाचा नंबर एकतीस होता हे जयप्रकाश साहेबांच्या ध्यानात नव्हतं.

"बदलून देता का?" बाजीरावाने विचारलं.

"अहो, नंबराने काय होतंय? घाट पायांनी चढायचा असतो."

खोपोलीला पोहोचेपर्यंत पावणेनऊ झाले होते. नाक्यावर तपासणीच्या टेबलाशेजारी बायकांच्या मंडळाने लिंबू सरबताचं टेबल मांडलं होतं. एक जाडसर बाई पेले भरत होती. तिने बाजीरावाकडे पाहिलं, त्याच्या छातीवरचा नंबर पाहिला आणि तिचा हात थबकला.

"परत आलात?"

"मी आत्ताच आलो, बाई."

"अगोबाई, मग तुमचाच नंबर लावून एकजण गेला की. सरबत हातात घेतलं आणि पिलं नाही, तसंच ठेवलं. तो बघा पेला." तिने टेबलाच्या कडेला बोट दाखवलं. भरलेला पेला तसाच होता. "माझा दोस्त मागून येतोय, बोलला. त्याला सांगा, वर थांब म्हणून."

बाजीरावाने पेल्याकडे पाहिलं.

"आनखी काय बोलला?"

"काही नाही. चाललो, बोलला. आणि गेला."

बाजीरावाला वाटलं इथेच उतरावं. टेम्पो पाच मिनिटांत येईल. सायकल टाकावी, पनवेलमार्गे घरी जावं आणि पुन्हा या रस्त्याला पाय लावू नये. तो नाक्यावर उभा राहिला. समोर घाटाची सुरुवात होती आणि पहिल्या वळणापलीकडे काहीच नव्हतं. डोंगर नव्हता, झाडं नव्हती. पांढरं धुकं रस्त्यावर उतरून बसलं होतं, आणि पुढे गेलेले सायकलवाले एकेक करून त्यात नाहीसे झालेले होते. त्या धुक्यातून एक आवाज मात्र येत होता. खळ्ळ, खळ्ळ. सैल झालेलं चेनकव्हर पायडलला घासतं तसा. गोटीरामाच्या सायकलीचं चेनकव्हर सैल होतं आणि ते त्याने कधी दुरुस्त करून घेतलं नव्हतं.

बाजीरावाने सायकलवर टांग टाकली.

पहिल्या चढाला त्याच्या मांड्या पेटल्या. बिनगिअरची सायकल घाटात घातली की माणूस सीटवर बसू शकत नाही. उभं राहून एकेका पायावर सगळं अंग टाकायचं, मग दुसऱ्या पायावर. प्रत्येक वेळी वाटतं, यापुढचं पायडल फिरणार नाही. धुक्याने भुवया भिजल्या. दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. समोरून ट्रक यायचे ते आधी दोन पिवळे डाग म्हणून दिसायचे आणि मग एकदम अंगावर यायचे. आणि या सगळ्यात तो आवाज पुढे चालला होता. बाजीराव जोर लावायचा तेव्हा तो आवाजही भराभर व्हायचा. बाजीराव दमून हळू झाला की तोही हळू व्हायचा. अंतर कमीही होत नव्हतं आणि वाढतही नव्हतं.

मध्येच खोकला ऐकू आला. खोल, ओला खोकला. फिल्टरवर आठ तास शेजारी उभं राहून बाजीरावाने तो इतका ऐकला होता की त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

शिंग्रोबाच्या देवळापाशी एक ट्रक बाजूला लागला होता. ड्रायव्हर आत हात जोडत होता आणि क्लीनर चाकांखाली दगड लावत होता.

"सायकलवाला गेला का आत्ता?" बाजीरावाने न थांबता ओरडून विचारलं.

"हां, अभी गया ना एक. खाँस रहा था बेचारा."

म्हणजे एकट्या बाजीरावालाच ऐकू येत होतं असं नाही.

देवळानंतर एका क्षणी वाऱ्याची झुळूक आली आणि धुक्यात फट पडली. वीसेक हातांवर एक पाठ दिसली. उंच, वाकलेली. बनियन घामाने चिकटलेलं. पाठीवर कॅनव्हासचा तुकडा होता आणि त्यावर ३१. बाजीरावाला ओरडता आलं नाही. तोंड उघडलं, पण आत हवाच नव्हती. धुकं परत मिटलं.

वळण आलं. त्याने ते ओळखलं. उजवीकडे कापलेला काळा कातळ आणि त्यावरून ओघळणारं पाणी, डावीकडे बुटका कठडा. इथेच त्याने गोटीरामाला मागे टाकलं होतं.

तेवढ्यात आवाज थांबला. हळूहळू नाही, एकदम. घासणारं चेनकव्हर नाही, खोकला नाही, ट्रक नाही. स्वतःच्या छातीतले ठोके तेवढे बाजीरावाला ऐकू येत होते. आणि मग त्याच्या मागून, खाली राहिलेल्या रस्त्यावरून, अगदी साध्या आवाजात, डबा पुढे सरकवताना माणूस बोलतो तितक्या सहज, हाक आली.

"बाजी, थांब ना रं जरा."

बाजीरावाने ब्रेक दाबला. पाय जमिनीवर टेकवले. सायकल त्याच्या अंगावर कलंडली.

"थांबलोय," तो म्हणाला. "थांबलोय रे गोटीराम. ये."

कुणी आलं नाही. धुकं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत होतं. तो सायकल हातात धरून मागे चालत आला आणि कठड्याला टेकून बसला. मागचे सायकलवाले एकामागून एक वर येऊ लागले. कुणी विचारलं, "पंक्चर?" त्याने नाही म्हणून मान हलवली. कुणी म्हणालं, "चला, आता तीनच मैल राहिले." तो तिथेच बसून राहिला. शेवटी टेम्पो आला. जयप्रकाश साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"बसा वर. सायकल टाका मागे."

"मी थांबतो साहेब."

"कशासाठी?"

"धुकं जाऊद्या. मंग सांगतो."

जयप्रकाश साहेब वैतागले. पण बाजीरावाचा चेहरा पाहून ते खाली उतरले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. साडेदहाच्या सुमाराला ऊन वर आलं. धुकं दरीतून वर सरकत सरकत कड्याला लागलं आणि मग राहिलंच नाही. तेव्हा बाजीरावाला दिसलं, की तो बसला होता तो कठडा हातभरावर संपत होता. तिथून पुढे चार-पाच हात मोकळी जागा होती. कधीतरी ट्रकने धडक देऊन कठडा पाडलेला असणार. तुटलेल्या दगडांवर शेवाळ चढलं होतं. धुक्यात दमलेला माणूस टेकायला गेला तर त्याला कठडा वाटेल आणि हाताला हवाच लागेल.

बाजीराव पालथा झाला आणि त्याने खाली पाहिलं. कारवीचं रान माजलं होतं. तीसेक फुटांवर वेलांच्या जाळीत एक गोल होता. चाकाचा.

खोपोलीहून दोर घेऊन माणसं यायला दोन तास लागले. बाजीरावाने कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, स्वतःच्या कमरेला दोर बांधून आधी उतरला. सायकल वेलांत अडकून राहिली होती, गंजून लाल झालेली. गोटीराम तिच्यापाशी नव्हता. तिथून वीस पावलं पुढे, कातळाच्या एका पुढे आलेल्या कडेखाली तो होता. हाडंच राहिली होती आणि कॅनव्हासचे बूट. तिथे कातळातून पाण्याची बारीक धार गळत होती. उजव्या पायाचं नळीचं हाड मोडलेलं होतं आणि मोडलेल्या जागेच्या वर एक कॅनव्हासचा तुकडा गुंडाळून घट्ट गाठ मारलेला होता. पाऊस, ऊन, दोन पावसाळे गेले होते, तरी ऑइलपेंट टिकला होता. तीन आणि एक.

जयप्रकाश साहेब मागून उतरले होते. ते त्या गाठीपाशी वाकले.

"दोन्ही हातांनी मारलीय गाठ," ते हळूच म्हणाले.

बाजीरावाला ते आधीच कळलं होतं. सायकलीपासून इथपर्यंत गोटीराम सरपटत आला होता. त्याने पाय बांधला होता, पाणी प्यायला होता आणि वाट पाहिली होती. वर रस्ता होता. लोक त्याला खोपोलीला शोधत होते.

हवालदार पंचनामा लिहायला कठड्यावर बसला. "यांना शेवटचं कधी, कुठे पाहिलं?"

"इथंच," बाजीराव म्हणाला. "त्यानं हाक मारली होती. मी ऐकली. मी थांबलो न्हाई."

हवालदाराने पेन थांबवलं. "मग तेव्हा खोपोली का सांगितलंत?"

बाजीराव कमरेचा दोर सोडायला लागला. हवालदाराने पुन्हा लिहायला सुरुवात केली.

पुढे एकदा जयप्रकाश साहेबांनी शर्यतीचे तक्ते काढून पाहिले. पनवेल, चौक, खोपोली. तिन्ही ठिकाणी एकतीसपुढे दोन दोन खुणा होत्या. खंडाळ्याच्या तक्त्यावर एकही नव्हती. त्यांनी ते बाजीरावाला दाखवलं, घडी घातली आणि खणात ठेवून दिलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत बाजीरावाला सारसोळ्याला जायचं होतं. जयप्रकाश साहेब म्हणाले, पोलीस कळवतील, तुम्ही नका जाऊ. बाजीराव गेला. सगुणा ओट्यावर जाळं सांधत होती. तिची सासू, म्हातारी सुमित्राबाई, भिंतीला टेकून ऊन घेत होती. बाजीरावाच्या अंगावरची माती, ओरखडलेले हात आणि छातीवरचा नंबर पाहून सगुणाने सुई खाली ठेवली.

तो ओट्यावर चढला नाही. अंगणात उभं राहूनच त्याने सगळं सांगितलं. हाक सांगितली. न थांबणं सांगितलं. खोपोलीचं खोटं सांगितलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. म्हातारी ऐकत होती. गाठीचं न सांगितलं तर या दोघींना कदाचित कधीच कळलं नसतं. पण मग ते त्याच्यापाशीच राहिलं असतं, आणि अशी एक गोष्ट जपून ठेवली की काय होतं ते त्याने दोन वर्षं पाहिलं होतं. त्याने गाठही सांगितली.

सुमित्राबाईने पदर तोंडात कोंबला. सगुणा हलली नाही.

"किती दिस व्हता?" तिने विचारलं.

"कोनी सांगू शकत न्हाई वैनी."

"पानी व्हतं तिथं?"

"होतं. धार होती. त्याच्यापाशीच होता."

तिने मान हलवली. मग आपल्या हातांकडे पाहिलं.

"दोन वरसं मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "रोज. भाकरी थापताना, भांडी घासताना. रोज."

"माज्यामुळं."

"हां. तुमच्यामुलं." तिने ते रागाने म्हटलं नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं तसं म्हटलं. मग ती उठली. "भाऊ, आज तुमाला पानी इचारनार नाय मी. उद्याचं उद्या बघू. आता जा."

तो वळला. तोपर्यंत पोलिसांचा निरोप गावात पोहोचला होता आणि कुंपणाशी माणसं जमायला लागली होती. कान्हा पाटीलही होता. सगुणा ओट्याच्या कडेला आली. दोन वर्षांत ती इतक्या लोकांसमोर उभी राहिली नव्हती.

"ऐका," ती म्हणाली. "माजा नवरा पलाला नव्हता. त्याना हाक मारली व्हती."

आठ दिवसांनी पोलिसांनी गोटीरामाला घरच्यांच्या ताब्यात दिलं. छोटीशी पेटी होती ती. दहन झालं आणि तिसऱ्या दिवशी राख खाडीत सोडायला गावकरी निघाले. राख सोडायच्या होडीत बायका जात नाहीत. सगुणा मडकं घेऊन चिखलातून चालत आली, होडीत चढली आणि पुढच्या फळीवर बसली. तिने मडकं मांडीवर घेतलं आणि पदराने झाकलं. कुणी तिला अडवलं नाही. वल्ही मारायला दोन तरुण पुढे झाले, तेव्हा कान्हा पाटलाने त्यांना बाजूला केलं. त्याने डोक्याची टोपी काढून खिशात घातली आणि स्वतः वल्ह्यांवर बसला.

बाजीराव तिवरांच्या कडेला, गुडघाभर चिखलात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नव्हतं. होडी सुटली तेव्हा सगुणाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग तोंड खाडीकडे केलं. भरती लागत होती. वल्ही पाण्यात पडत होती, वर येत होती, आणि चार ठिकाणी ज्याने तोंड चालवलं तो म्हातारा पाटील मान खाली घालून ती ओढत होता. पाटलाच्या पाठीपलीकडे सगुणा ताठ बसली होती, मांडीवरच्या मडक्यावर दोन्ही हात ठेवून.

पाणी बाजीरावाच्या गुडघ्यांवर चढलं. होडी लहान झाली, तिवरांच्या वळणाआड गेली, आणि वल्ह्यांचा आवाज मात्र त्यानंतरही काही वेळ येत राहिला.